एक वाक्य जास्त

शाळेच्या सिस्टरना राग येतो, हे त्या शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्या तिथल्या दवाखान्यात होत्या. गुडघा फुटलेले, नाकातून रक्त आलेले, परीक्षेच्या सकाळी नेमकं पोटात दुखणारे, असे सगळे त्यांच्याकडे यायचे आणि सगळ्यांशी त्या एकाच आवाजात बोलायच्या. त्याआधी वीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात काढलेली. "तिथं आरडाओरडा करायला नातेवाईक असतात, त्यात आपण कशाला गर्दी करायची," असं म्हणायच्या.

म्हणूनच त्या मंगळवारी मधल्या सुट्टीत सिस्टर खेळाच्या सरांच्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी टेबलावरचा शिट्ट्यांचा डबा एका फटक्यात खाली पाडला, तेव्हा तिथं बसलेल्या दोन मास्तरांना आधी वाटलं की बाईंना चक्कर आली. एकानं तर खुर्चीही पुढं केली.

"बसायला नाही आले मी," सिस्टर म्हणाल्या.

झालं होतं ते असं.

दहावीत एक मुलगी होती. तिला सगळे 'भिंत' म्हणत. उंच, रुंद खांद्यांची, शाळेच्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर. सहावीत असताना तिनं एका सामन्यात लागोपाठ तीन पेनल्टी अडवल्या आणि तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. वर्गशिक्षिकाही हजेरी घेताना चुकून 'भिंत' म्हणून जात. अशी मुलगी उतरलेला चेहरा घेऊन दवाखान्यात यायला लागली. आज पोट, परवा डोकं, पुन्हा पोट. सिस्टर तिला कॉटवर झोपवायच्या, गरम पाण्याची पिशवी द्यायच्या. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडायची आणि तास संपला की उठून जायची. एक दिवस सिस्टरनी सहज नोंदवही चाळली. दोन महिन्यांत चौदा वेळा. पोट दाबून बघितलं होतं, ताप बघितला होता, पाळीचं विचारलं होतं. काही नव्हतं. वजन मात्र सहा किलोनं उतरलं होतं.

आदल्या वर्षी आरोग्य खात्यानं शाळेच्या दवाखान्यांतल्या नर्सना एक प्रशिक्षण दिलं होतं. मुलं उदासीनं आजारी पडली तर त्यांच्याशी बोलून उपचार कसा करायचा, याचं. आठवड्यातून एकदा, पाऊण तास, अशा दहा भेटी. लागलं तर आणखी. दर शुक्रवारी एक मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई येऊन सिस्टरचं काम तपासणार, अवघड वाटेल ते मूल स्वतः बघणार. शिक्षकांच्या खोलीत याची भरपूर थट्टा झाली. "आमच्या वर्गात बोललं की शिक्षा, सिस्टरकडे बोललं की औषध," असं गणिताचे सर म्हणाले. सिस्टरही हसल्या होत्या. तेव्हा.

पहिल्या भेटीला सिस्टर मांडीवर पुस्तिका उघडी ठेवून बसल्या. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, खाणं कसं होतं, कशात मन लागतं का. भिंत एकेका प्रश्नाला "काही नाही", "माहीत नाही", "असेल" अशी उत्तरं देत गेली. मग म्हणाली, "तुम्ही वाचून विचारताय."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "नवीन आहे गं मी यात. चुकायला नको म्हणून."

"मग तुम्हाला तरी काय कळणार?"

सिस्टरनी पुस्तिका मिटली. "मला एवढंच कळतंय की तू चौदा वेळा आलीस आणि चौदाही वेळा मी तुला गरम पाण्याची पिशवी दिली. पंधराव्या वेळी तरी काहीतरी वेगळं करावं म्हटलं."

मुलगी हसली नाही, पण पुढच्या मंगळवारी आली.

दुसऱ्या भेटीत सिस्टरनी तिला एक कागद दिला. दिवसभरात जे जे केलंस ते लिही, आणि ते किती जड गेलं त्याला शून्य ते दहा आकडा दे. भिंतीनं तो कागद आठवडाभर खरंच भरला. सकाळी अंथरुणातून उठणं, दहा. दात घासणं, नऊ. आईनं 'काय झालंय' विचारल्यावर उत्तर देणं, दहा. वर्गात 'हजर' म्हणणं, सात. सिस्टरनी बोट फिरवत फिरवत शेवटच्या ओळीवर आणलं. गोलमध्ये उभं राहणं, तीन.

"तीनच?"

"तिथं विचार करायला वेळ नसतो. बॉल येतो, अडवायचा." मग ती म्हणाली, "नाही अडला तरी निदान का नाही अडला ते कळतं."

दोघींनी ठरवलं की इतर काहीही सुटलं तरी सराव सोडायचा नाही. त्या तीनच्या आकड्याला धरून बाकीचे दहा आणि नऊ हळूहळू खाली ओढायचे. शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "हेच. खेळ म्हणजे तिच्या औषधातली अर्धी गोळी समजा."

चौथ्या भेटीत मुलगी नेहमीपेक्षा जास्त बोलली. घरात आपण नसतो तर आईबाबांचं सोपं झालं असतं, असं म्हणाली. सिस्टरनी इस्पितळात अशी वाक्यं ऐकली होती, बहुतेक वेळा उशिरा, दुसऱ्या कुणाच्या तोंडून. त्यांनी आडवळण घेतलं नाही.

"मरून जावं असं वाटतं का तुला?"

मुलीनं बराच वेळ नखं बघितली. "कधी कधी. करणार नाहीये मी काही. पण सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली."

"मला सांगितलंस ते फार बरं केलंस," सिस्टर म्हणाल्या. "पण एवढी एक गोष्ट माझ्या एकटीजवळ ठेवायची नसते. पहिल्या दिवशीच बोलले होते मी. डॉक्टरीणबाईंना सांगावं लागेल आणि तुझ्या आईबाबांना. तुझ्या पाठीमागे नाही सांगणार. तू समोर असशील."

"आणि शाळेत?"

"शाळेत कुणाला नाही."

हे शब्द सिस्टरनी स्वतःच्या तोंडानं उच्चारले होते. पुढं जे झालं त्यात त्यांना सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हेच.

त्याच दिवशी दुपारी आईवडील आले. आई बॅगांच्या कारखान्यात चेन लावायचं काम करायची. बोटांच्या पेरांवर सुईचे बारीक व्रण. वडील लिफ्टदुरुस्तीवाले, कामावरून तसेच आलेले, हाताला ग्रीस. सगळं ऐकून ते आधी भडकलेच. "सोळा वर्षांची पोर! तिला कसलं आलंय दुःख? खायला आहे, प्यायला आहे, कधी बोट लावलं नाही आम्ही तिला!"

"बाबा," मुलगी म्हणाली, "मला पण नाही माहीत कसलं ते. माहीत असतं तर सांगितलं नसतं का?"

आई तिचा हात धरून बसली होती, सोडायचं नाव नाही. वडील हाताचं ग्रीस पुसत म्हणाले, "सिस्टर, मला हे बोलणंबिलणं जमत नाही. मला काहीतरी करायला सांगा."

सिस्टरनी सांगितलं. घरातली सगळी औषधं कुलपात. आठ-पंधरा दिवस तिला एकटीला ठेवायचं नाही. सकाळी तिच्याबरोबर अर्धा तास चालायला जायचं, ती बोलली नाही तरी चालेल. वडिलांनी संध्याकाळच्या आत कपाटाला कुलूप बसवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बापलेक सकाळी रस्त्यानं चालताना दिसायला लागले. दोघंही अवाक्षर बोलत नसत. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी तासभर मुलीला तपासलं. गोळ्यांची सध्या गरज नाही म्हणाल्या, आठवड्यातून दोन भेटी करा म्हणाल्या, आणि खेळ चालू राहू द्या, हे पुन्हा एकदा म्हणाल्या.

इथवर सगळं नीट होतं.

नियमाप्रमाणे मुख्याध्यापकांना एवढंच कळवायचं असतं की अमुक एका विद्यार्थिनीवर दवाखान्यात उपचार चालू आहेत, तिला आठवड्याला दोन तास वर्गातून सोडावं. पुढच्या सोमवारी सिस्टर तेवढंच सांगायला गेल्या. मुख्याध्यापकांनी त्यांना बसवलं, चहा मागवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दवाखान्याला नुसता पडदा आहे तिथं नीट दार बसवून देतो म्हणाले. मग म्हणाले, "पण आहे काय नक्की? तसं नाही, उद्या काही कमीजास्त झालं तर गळा माझा धरतील. मला अंधारात ठेवू नका, सिस्टर. आपण दोघं एकाच होडीत आहोत."

सिस्टर दमलेल्या होत्या. दोन रात्री झोप नव्हती. आणि खरं सांगायचं तर कुणीतरी 'आपण दोघं' म्हणालं ते त्यांना बरंही वाटलं. त्या म्हणाल्या, "तिच्या मनात जगणं नकोसं झाल्याचे विचार येतात, सर. म्हणून जपावं लागतंय. पण हे तुमच्याजवळच ठेवा."

"अर्थात," मुख्याध्यापक म्हणाले.

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी भिंत भेटीला आली नाही. सिस्टर दहा मिनिटं थांबल्या, मग वर्गाकडे गेल्या. जिन्यातच टीमची कॅप्टन भेटली. "ती आलीच नाही, सिस्टर," ती म्हणाली, आणि आवाज एकदम खाली आणून पुढं म्हणाली, "आम्हाला माहितीये सगळं. सरांनी सांगितलंय. आम्ही खूप काळजी घेतो तिची."

"काय सांगितलंय सरांनी?"

कॅप्टन मुलगी चांगली होती, तिनं जसंच्या तसं सांगितलं. गेल्या गुरुवारी सरावाच्या आधी सरांनी सगळ्यांना गोल करून बसवलं. भिंत तिथंच होती. सर म्हणाले, सध्या आपल्या भिंतीला थोडा तडा गेलाय. तिच्या मनात नको ते विचार येतायत. तेव्हा तिला सामन्याचा ताण नको, आपण तिला विश्रांती देऊ, आणि सगळ्यांनी तिला सांभाळून घ्यायचं. मग टाळ्या वाजवायला लावल्या.

"टाळ्या?"

"तिला धीर यावा म्हणून. आणि शुक्रवारी ना, सिस्टर, चित्रकलेच्या तासाला तिनं शेजारणीची कात्री मागितली, तर ती द्यायलाच घाबरली. दप्तरात टाकली उचलून. मग भिंत रडली नाही का काही नाही. नुसती बसून राहिली."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. पुढचा जिना त्या कशा उतरल्या ते त्यांना आठवत नाही. शिट्ट्यांचा डबा पडला तो त्यानंतर.

"कुणाला विचारून टीमला सांगितलंत?"

खेळाचे सर पार गोंधळून गेले. तो माणूस दुष्ट नव्हता, आणि त्यामुळेच सिस्टरना जास्त चीड आली. "अहो, मी तिच्या भल्यासाठीच! तिला ताण नको म्हणून तर टीममधनं..."

"तिचं भलं होत होतं त्या मैदानात! सबंध आठवड्यात त्या पोरीला एकच गोष्ट हलकी वाटायची, आणि तुम्ही नेमकी तीच काढून घेतलीत. वर टाळ्या वाजवल्यात. पाय मोडला असता तिचा तर बसवलं असतं असं गोल करून?"

"पण मला मुख्याध्यापकांनीच सांगितलं. लक्ष ठेवा म्हणाले."

"लक्ष ठेवा म्हणजे दवंडी पिटा?"

एका मास्तरांनी "सिस्टर, हळू, मुलं ऐकतायत" म्हटलं. "ऐकू दे," सिस्टर म्हणाल्या. "बाकी सगळं ऐकवलंच आहे तुम्ही त्यांना."

तिथून त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. दारावर टकटक केली नाही. काय बोलल्या ते बाहेरच्या क्लार्कनं नंतर बऱ्याच जणांना सांगितलं, त्यात थोडं त्याच्या पदरचंही होतं. पण मुख्याध्यापक चिडले नाहीत, हे खरं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारलं, "आणि मला कुणी सांगितलं, सिस्टर?"

सिस्टरना तोंडात मारल्यासारखं झालं.

"तुम्ही सांगितलंत," ते म्हणाले. "मग पाप एकट्या माझ्या माथी कशाला मारता?"

मग त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. मी सांगितलं. मी चुकले आणि ते मी तिला सांगणार आहे. तुम्ही काय सांगणार आहात?"

मुख्याध्यापकांनी चष्मा घातला आणि समोरचा कागद ओढला.

त्या दुपारी सिस्टर मुलीच्या घरी गेल्या. चौथा मजला, अरुंद जिना, दाराबाहेर बुटांची मांडणी. त्यात गोलकीपरचे हातमोजे चपलांच्या खाली दाबून टाकलेले. आईनं दार उघडलं. रडून रडून डोळे सुजलेले. "चार दिवस झाले, खोलीतनं बाहेर येत नाही हो. जेवत नाही. यांच्याबरोबर चालायला पण नाही गेली."

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"सिस्टर आल्यात, बाळा."

दार धाडकन उघडलं. भिंत चौकटीत उभी. केस विस्कटलेले, अंगावर तोच चुरगळलेला टीशर्ट. आणि ती ओरडली. त्या मुलीचा एवढा आवाज आईनंही कधी ऐकला नव्हता.

"तुम्ही म्हणाला होतात शाळेत कुणाला नाही! तुम्ही म्हणाला होतात! मी कुणाला सांगितलं नव्हतं, एका माणसाला सांगितलं, आणि सगळ्या शाळेला कळलं! कात्री देत नाहीत मला! बाथरूमला गेले तर दोघी मागनं येतात! टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी! माहितीये तुम्हाला? टाळ्या!"

"अगं, हळू बोल, मोठ्या आहेत त्या," आई मध्ये पडली.

"बोलू दे तिला," सिस्टर म्हणाल्या.

"खोटारड्या आहात तुम्ही! तुमचा तो कागद, ते आकडे, सगळं खोटं! मला वाटलं, तुम्ही तरी..." तिनं भिंतीवर मूठ मारली, जोरात, आणि हात झटकला.

सिस्टर हलल्या नाहीत. त्यांच्या मनात सांगण्यासारखं खूप होतं. मुख्याध्यापकांनी कसं गोडीगोडीनं काढून घेतलं, सर कसे वागले, आपण दोन रात्री कशा जागलो. त्यातलं काहीही खोटं नव्हतं, आणि त्यातलं काहीही त्यांनी तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही.

"मी मुख्याध्यापकांना एक वाक्य जास्त सांगितलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं. सांगायला नको होतं. चूक माझी आहे. तू जे बोललीस ते सगळं खरं आहे."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. बहुधा सबब ऐकायची तिची तयारी होती. सबब आलीच नाही.

"जा," ती म्हणाली.

"जाते. मंगळवारची आणि गुरुवारची वेळ तुझीच आहे. दुसऱ्या कुणाला देणार नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर डॉक्टरीणबाई तुझ्याशी बोलतील. आज रात्री त्यांचा फोन येईल, तो तेवढा घे."

"जा म्हटलं ना!"

सिस्टर जिना उतरल्या. खाली आल्यावर त्या दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसल्या. घरी जाऊन स्वयंपाकाला लागल्या तेव्हा नवरा आत डोकावला. "भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" त्यानं विचारलं. सिस्टरनी आणखी एक पातेलं आदळलं. रागाला जायला जागाच नव्हती. मुख्याध्यापकांवर काढावा तर मध्ये आपणच उभ्या, आणि आपल्यावर काढावा तर तो माणूस आरामात सुटतोय.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मुलीनं फोन घेतला होता, बोलली होती, हे त्यांनी आधीच सांगितलं. सिस्टरच्या जिवात जीव आला. मग बाई म्हणाल्या, "खात्याला लिहून कळवा. पण लिहिणार असाल तर तुमचं ते वाक्य आधी लिहा. दुसऱ्याची चूक तेवढी लिहिली तर कागद कचऱ्यात जाईल, आणि जायलाच पाहिजे." सिस्टरनी तसंच लिहिलं. पहिल्या ओळीत स्वतःची चूक, दुसऱ्या ओळीपासून मुख्याध्यापक. चार पानं झाली. शाळेनंही वेळ दवडला नाही. सोमवारी सिस्टरना मेमो आला: शिक्षकाच्या खोलीत आरडाओरडा, शालेय साहित्याची मोडतोड. साहित्य म्हणजे एक डबा आणि सात शिट्ट्या. त्यांतल्या सातही वाजत होत्या.

मंगळवारी भिंत आली. खुर्चीवर बसली नाही, पडदा मुठीत धरून उभी राहिली.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"बरं."

"मला अजून चिडायचंय."

"पाऊण तास आहे आपल्याकडे," सिस्टर म्हणाल्या.

आणि खरंच ती पाऊण तास चिडली. आधी सिस्टरवर, मग सरांवर, मग टीमवर, मग पडद्यावर. ("बाहेर सगळं ऐकू जातं इथलं, कळत नाही तुम्हाला?") कुणी जवळ येऊ नये म्हणून सिस्टरनी मध्येच उठून कॉट ओढून पडद्याला आडवी लावली आणि खिडकी बंद केली. जाताना मुलगी पडद्याशीच वळली आणि जरा नवलानंच म्हणाली, "सकाळी उठले तेव्हा वाटलं, आज त्यांना काय काय बोलायचं. म्हणजे, कशाला उठले असं नाही वाटलं."

"कागदावर लिहून ठेव ते," सिस्टर म्हणाल्या.

पुढच्या दोन भेटींत त्यांनी एकच काम केलं. खेळाच्या सरांना काय सांगायचं ते ठरवलं. सिस्टर सर झाल्या; हाताची घडी घालून "अगं, पण मी तर तुझ्या भल्यासाठीच" असं इतक्या हुबेहूब म्हणाल्या की मुलीला हसू फुटलं. मग तिचं तिलाच हसल्याचं आश्चर्य वाटलं आणि ती पुन्हा चिडली. वाक्यं लिहिली, खोडली, लहान केली. शेवटी तीन उरली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती मैदानात गेली. सिस्टर म्हणाल्या होत्या, हवं तर मी येते बरोबर. ती नको म्हणाली. सिस्टर दवाखान्याच्या खिडकीतून बघत होत्या. ऐकू काहीच येत नव्हतं. मुलगी हात न हलवता बोलत होती. सरांनी एकदा तोंड उघडलं, मिटलं. दुसऱ्यांदा उघडलं, तेव्हा मुलीनं तळहात पुढं केला, बॉल थांबवावा तसा. मग सर मान खाली घालून बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टीमला पुन्हा गोल करून बसवलं आणि सांगितलं की मी जे बोललो ते बोलायला नको होतं, ती माझी चूक, आणि त्यावर कुणी एक शब्द काढायचा नाही. बोलताना अडखळले, असं कॅप्टन म्हणाली. टाळ्या वाजवायला मात्र लावल्या नाहीत. भिंत पुन्हा गोलमध्ये उभी राहिली, पण तोवर त्या वर्षीची आंतरशालेय स्पर्धा होऊन गेली होती. तिच्याशिवाय शाळा पहिल्याच सामन्यात पाच गोलनं हरली होती. ते ऐकून मुलीला बरं वाटलं. ते तिनं सिस्टरना अगदी उघड सांगितलं, आणि सिस्टरनी तिला त्याबद्दल उपदेश केला नाही.

खात्याचं पत्र यायला दोन महिने लागले. मुलांनी दवाखान्यात सांगितलेलं काहीही शाळेच्या कुठल्याही माणसाला कळवायचं नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. जिवाचा धोका असेल तर पालक आणि डॉक्टर, बस. मुख्याध्यापकांना ताकीद. सिस्टरनाही ताकीद. सिस्टरनी आपली ताकीद वाचली, सही केली. मुख्याध्यापकांनी आपल्या ताकिदीवर सही केली की नाही कुणास ठाऊक. मुलीची माफी मात्र त्यांनी कधीच मागितली नाही. दार बसलं, तेही खात्यानं बसवलं.

भिंतीच्या दहाच्या सोळा भेटी झाल्या. मधे एक आठवडा फार वाईट गेला, इतका की डॉक्टरीणबाईंना दोनदा यावं लागलं. मग हळूहळू दात घासणं चारवर आलं, उठणं पाचवर. वजन चार किलो परत आलं. वडिलांशी ती सकाळच्या चालण्यात आता भांडायची, कधी कशावरून, कधी कशावरून. वडील सिस्टरना म्हणाले, "आधीचं गप्प राहणं सोसत नव्हतं, आता बोलणं सोसत नाही." पण म्हणताना चेहरा खुलला होता.

वर्ष संपायच्या आधी वरून एक समिती दवाखाना बघायला येणार, असं ठरलं. मुख्याध्यापकांनी सिस्टरना बोलावलं. चहा मागवला. सिस्टरनी कपाला हात लावला नाही.

"आपल्या शाळेचं काम चांगलं झालंय असं वर बोललं जातंय," ते म्हणाले. "तेव्हा म्हटलं, त्या मुलीनं समितीसमोर दोन शब्द बोलावेत. कशी होते, कशी बरी झाले. लोकांना असं प्रत्यक्ष बघायला आवडतं."

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

"नाव नाही घ्यायचं. नुसतं 'एक विद्यार्थिनी' म्हणू."

"या शाळेत तिला ओळखत नाही असं कोण आहे, सर? तुम्हीच तर ओळख करून दिलीत."

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. "विचारून तरी बघा तिला. कदाचित तिलाच आवडेल."

"विचारणारसुद्धा नाही. तिला नाही म्हणावं लागेल, एवढाही त्रास मी तिला देणार नाही. आणि तुम्ही परस्पर विचारलंत तर या वेळी चार पानांवर थांबणार नाही मी."

"तुमचा राग अजून गेला नाही वाटतं."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि जावा असं मला वाटतही नाही."

समिती आली. तीन माणसं. त्यांनी नवं दार उघडून-मिटून बघितलं, एक जण वजनकाट्यावर उभा राहून आपलं वजन बघून खट्टू झाला. दुसऱ्यानं विचारलं, मुलांच्या काय काय तक्रारी असतात, एखादी हकीकत सांगा ना. सिस्टर म्हणाल्या, "इथं मुलं काय बोलतात ते सोडून काहीही विचारा." माणूस जरा दुखावला. "मग आम्हाला कळणार कसं की हे उपयोगाचं आहे?"

"सध्या नऊ मुलं येतात," सिस्टर म्हणाल्या. "कुणालाही धरून आणावं लागत नाही."

मुख्याध्यापक घाईघाईनं म्हणाले, चला, आता प्रयोगशाळा बघू. ते सगळे गेले. घड्याळात सव्वा अकरा झाले होते. साडेअकराला आठवीतला एक मुलगा यायचा होता, जो गेल्या दोन भेटींत एक अक्षरही बोलला नव्हता. सिस्टरनी कॉटवरची चादर बदलली, दोन खुर्च्या समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या लावल्या, आणि दार आतून लागतंय ना ते एकदा ओढून बघितलं.